रक्तातल्या धुळीचे निरोप

जानेवारी 2025 मध्ये स्वारगेटच्या बसथांब्यांवर धायरी, नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासल्याकडे जाणाऱ्या लोकांच्या तोंडी एकच विषय होता, जीबीएस. सिंहगड रस्त्याच्या त्या पट्ट्यात धडधाकट माणसांच्या पायांतली ताकद काही दिवसांत जात होती, काहींना श्वासासाठी व्हेंटिलेटर लागत होता. पुणे परिसरातल्या रुग्णांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. रुग्णांच्या शौचाच्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशय पाण्यावर गेला. पाणी उकळून प्या हा सल्ला योग्यच होता. पण त्याच्या जोडीला दुसराही एक सल्ला घरोघरी आणि मोबाइलवर फिरत होता: प्रतिकारशक्ती वाढवा. करोनाच्या काळापासून हे वाक्य आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे की ते कोणत्या आजाराला लागू पडतं आणि कोणत्या नाही, हे विचारायचंही आपण सोडून दिलं आहे.

जीबीएस म्हणजे गुलेन-बॅरी सिंड्रोम. या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती चुकीच्या ठिकाणी लागलेली असते. कॅम्पिलोबॅक्टरच्या बाहेरच्या आवरणावरची काही शर्करा आपल्या मज्जातंतूंवरच्या शर्करेसारखीच दिसते. जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं मग मज्जातंतूंवरच तुटून पडतात. त्यावरचा उपचारही प्रतिकारशक्ती वाढवण्याचा नसतो. रक्तद्रव बदलून ती प्रतिपिंडं काढून टाकतात, किंवा इम्युनोग्लोब्युलिन देऊन हल्ला शमवतात. अशा रोग्याला कुणी शक्ती वाढवण्याचं चूर्ण सुचवतं तेव्हा चूक चूर्णाइतकीच विचारातही असते. प्रतिकारशक्ती हा टाकीतल्या पाण्यासारखा कमी-जास्त होणारा साठा नाही. प्रतिकारशक्तीच्या पेशींना कुणीतरी सांगावं लागतं: इथे धावा, हे आपलं आहे याला हात लावू नका, आता पुरे झालं, थांबा. हे सांगतं कोण, आणि कसं?

या प्रश्नाचं एक उत्तर गेली ऐंशी वर्षं आपल्या रक्तातच होतं. त्याला आधी धूळ म्हटलं गेलं, मग कचरा, आणि बऱ्याच उशिरा निरोप. एखादी कल्पना अशी पायरी-पायरीने वर चढते तेव्हा मधल्या पायऱ्यांवर माणसं का थबकली, हे पाहणं मला नेहमीच महत्त्वाचं वाटतं.

पहिली पायरी 1946 ची. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एर्विन चारगॅफ आणि रँडॉल्फ वेस्ट रक्त गोठण्याचा अभ्यास करत होते. पेशी काढून टाकलेला रक्तद्रव त्यांनी अतिशय वेगाने फिरवला, तेव्हा तळाशी बारीक गाळ बसला. तो गाळ काढून घेतला की उरलेला द्रव गोठायला जास्त वेळ घेई. म्हणजे त्या गाळात काहीतरी काम करणारं होतं. चारगॅफ पुढे डीएनएमधल्या घटकांच्या प्रमाणाच्या नियमांसाठी जगप्रसिद्ध झाले आणि हा गाळ मागे पडला. 1967 मध्ये ब्रिटनमध्ये पीटर वुल्फ यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो पाहिला. प्लेटलेटपासून सुटलेले ते आवरणाचे बारीक कण होते. वुल्फ यांनी त्यांना प्लेटलेटची धूळ म्हटलं.

त्याच 1967 साली आपल्या देशात, कोलकात्यात, एस. एन. चॅटर्जी आणि जे. दास कॉलऱ्याच्या जिवाणूकडे तशाच सूक्ष्मदर्शकातून पाहत होते. जिवाणूच्या बाहेरच्या आवरणाला फुगवटे येतात, ते गोल होतात आणि सुटून वेगळे होतात, असं त्यांना दिसलं. पेशीबाह्य पुटिकांच्या, म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या अशा बारीक पिशव्यांच्या, इतिहासात या निरीक्षणाचं स्थान पहिल्या काही पानांवर आहे, पण आपल्याकडच्या किती विज्ञान विद्यार्थ्यांना ते ठाऊक असतं? मला वाटतं, फारच थोड्यांना. पुढे कळलं की कॅम्पिलोबॅक्टरही अशा पुटिका सोडतो आणि त्यांतून त्याचं एक विष आतड्याच्या पेशींपर्यंत पोहोचतं. जीबीएसचं खापर मी त्या पुटिकांवर फोडत नाही. पण पेशी असो की जिवाणू, आपल्याच आवरणात काहीतरी गुंडाळून बाहेर सोडण्याची ही रीत सजीवांत फार जुनी आणि फार पसरलेली आहे, एवढं यावरून दिसतं.

या पुटिकांचा आकार लक्षात घेतला की उशीर का झाला तेही कळतं. त्यांतल्या लहान पुटिका साधारण 30 ते 150 नॅनोमीटरच्या असतात, म्हणजे एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. साध्या सूक्ष्मदर्शकाची नजर 200 नॅनोमीटरपाशीच संपते.

1983 मध्ये कल्पनेने दुसरी पायरी गाठली, आणि तीही दोन ठिकाणी एकाच वर्षी. प्रश्न लाल पेशींचा होता. कोवळ्या लाल पेशीला हिमोग्लोबिन बनवण्यासाठी लोह लागतं. ते आत घेण्यासाठी तिच्या पृष्ठभागावर ट्रान्सफेरिन रिसेप्टर नावाची प्रथिनं असतात. पेशी पक्व झाली की ही प्रथिनं तिच्यावर उरत नाहीत. मग जातात कुठे? पेशीच्या आतच त्यांचं विघटन होत असणार, असा सर्वमान्य तर्क होता. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रोझ जॉनस्टन मेंढीच्या लाल पेशींवर काम करत होत्या. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात फिलिप स्टाल आणि त्यांच्याकडे शिकणारा क्लिफर्ड हार्डिंग उंदरांच्या लाल पेशींवर. दोघांनाही तर्काच्या उलट दिसलं. पेशीच्या आत एक मोठी पिशवी होती, तिच्या पोटात अनेक चिमुकल्या पिशव्या आणि त्या चिमुकल्या पिशव्यांवर ती नको झालेली प्रथिनं. मोठी पिशवी पेशीच्या बाहेरच्या आवरणाला जाऊन मिळते आणि पोटातल्या सगळ्या चिमुकल्या पिशव्या बाहेर सोडून देते. जॉनस्टन यांनी 1987 मध्ये त्यांना एक्सोसोम म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं.

निष्कर्ष सरळ होता: पेशी आपला कचरा बाहेर टाकते. लाल पेशीपुरता तो खोटाही नव्हता. म्हणूनच मला ही पायरी सर्वांत शिकवणारी वाटते. कल्पना चुकीची असली की ती मोडता येते. अर्धी बरोबर असली की तिच्यात माणसं वर्षानुवर्षं राहतात. कचऱ्याचा अभ्यास करायला पैसे कोण देणार आणि त्यावर पीएचडी कोण करणार? पुढची बारा-तेरा वर्षं या विषयात फार थोड्या लोकांनी लक्ष घातलं.

1996 मध्ये हे चित्र पालटलं आणि ते प्रतिकारशक्तीच्या पेशींनीच पालटलं, याला अर्थ आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट इथे हान्स ग्यूझे यांच्या प्रयोगशाळेत ग्रासा रापोसो या पोर्तुगीज संशोधिका बी पेशींचा अभ्यास करत होत्या. या पेशी बाहेरून आलेल्या शत्रूचे तुकडे करून आपल्या पृष्ठभागावरच्या एका विशिष्ट प्रथिनात, एमएचसीमध्ये, धरून दाखवतात. टी पेशी ते तुकडे ओळखते आणि मग पुढची कारवाई सुरू होते. रापोसो यांना आढळलं की बी पेशींमधून बाहेर पडणाऱ्या एक्सोसोमवरही तीच एमएचसी प्रथिनं आहेत आणि त्यांत तेच तुकडे धरलेले आहेत. नुसत्या पुटिका टी पेशींना दिल्या, तर टी पेशी जाग्या झाल्या. बी पेशी समोर नव्हती, तरी तिचं म्हणणं पोहोचलं होतं.

आता पुटिकेला कचरा म्हणता येईना. पण निरोप म्हणायला, म्हणजे तिसऱ्या पायरीवर चढायला, आणखी एक पुरावा हवा होता: आत काय असतं? 2007 मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमधून हादी वलादी आणि यान ल्योत्वाल यांनी तो दिला. त्यांनी उंदराच्या मास्ट पेशींचे एक्सोसोम घेतले आणि माणसाच्या मास्ट पेशींना दिले. काही वेळाने माणसाच्या पेशींत उंदराची प्रथिनं तयार झालेली आढळली. पुटिकांमधून आरएनए गेला होता आणि पाहुण्या पेशीने तो वाचून अमलात आणला होता. एकेकाळी पुण्यात शिकणाऱ्या मुलांसाठी गावाकडून आई एसटीच्या ड्रायव्हरकडे डबा द्यायची आणि मुलगा स्वारगेटला येऊन तो घेऊन जायचा. त्या डब्यात भाजी-भाकरीबरोबर कधी चिठ्ठीही असे, आणि ती वाचून मुलगा गावी जायचा की नाही ते ठरवायचा. पुटिकेचं काम समजायला मला हा डबा फार जवळचा वाटतो: वरून पत्ता, आत माल, आणि मालाबरोबर सूचना. पृष्ठभागावरच्या प्रथिनांमुळे पुटिका कोणत्या पेशीला चिकटणार ते ठरतं. आतल्या आरएनए आणि प्रथिनांमुळे तिथे काय घडणार ते ठरतं.

तोवर वैद्यकाने मात्र वाट पाहिली नव्हती. 1998 मध्ये पॅरिसजवळच्या गुस्ताव रूसी संस्थेच्या लॉरेन्स झित्व्होगेल यांनी टी पेशींना शत्रूचे तुकडे दाखवणाऱ्या डेंड्रायटिक पेशींच्या एक्सोसोमवर कर्करोगाच्या गाठीचे तुकडे लादून ते उंदरांना टोचले आणि गाठी आटल्या. 2005 पर्यंत माणसांवरच्या पहिल्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. उपचार सुरक्षित निघाला, उपयोग थोडा दिसला. पुढच्या टप्प्यातली फ्रान्समधली चाचणी 2016 मध्ये जाहीर झाली. फुप्फुसाचा कर्करोग असलेले 22 रुग्ण. त्यांतल्या निम्म्यांचा तरी आजार चार महिने वाढू नये, एवढं लक्ष्य ठेवलं होतं. ते साधलं फक्त सात जणांत. ज्या टी पेशी जाग्या व्हायला हव्या होत्या त्या झाल्याच नाहीत. उलट ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं त्या एनके या प्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या पेशींचं काम काही रुग्णांत सुधारलं. अपयश असलं तरी या निकालाने एक गोष्ट शिकवली: निरोप कोण पाठवतो यावर सगळं ठरत नाही, तो घेणारा कोणत्या अवस्थेत आहे यावरही तितकंच अवलंबून असतं.

आणि हा निरोप शत्रूही पाठवतो. 2018 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वेई ग्वो यांच्या गटाने मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशींमधून निघणाऱ्या एक्सोसोमवर पीडी-एल1 हे प्रथिन दाखवलं. टी पेशीवरच्या पीडी-1 या खुंटीला ते जाऊन लागलं की टी पेशी शांत होते. याच खुंटीच्या शोधासाठी त्या वर्षी तासुकू होन्जो यांना नोबेल मिळालं होतं. गाठ एका जागी असते, पण ती शांत राहण्याचे निरोप रक्तातून सगळीकडे पाठवू शकते. टी पेशी गाठीपर्यंत पोहोचण्याआधीच वाटेत तिला थोपवलं जातं.

याचं आपल्या जवळचं उदाहरण मात्र क्षयरोगाचं आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. साताऱ्याहून, सांगलीहून, कोल्हापूरहून स्वारगेटला उतरणाऱ्या गर्दीत, कोंदट खोल्यांमध्ये, दुकानांच्या मागच्या माळ्यांवर हा रोग श्वासातून श्वासात जातो. त्याचा जिवाणू राहतो तो प्रतिकारशक्तीच्याच एका पेशीत, मॅक्रोफेजमध्ये. जी पेशी त्याला गिळून मारायला आली, तिच्याच पोटात तो घर करतो. मग प्रश्न पडतो: तो आत कोंडलेला असताना बाहेरच्या टी पेशी का थंडावतात? 2007 मध्ये अमेरिकेतल्या नोत्रदाम विद्यापीठात जेफ्री शोरी यांच्या गटाला दिसलं की क्षयाच्या जिवाणूने ग्रासलेल्या मॅक्रोफेजमधून निघणारे एक्सोसोम इतर पेशींत दाह पेटवतात, म्हणजे सावध करतात. दहा वर्षांनी ओहायोमधल्या क्लीव्हलँड इथून उलट निष्कर्ष आला: क्षयाच्या जिवाणूच्या पुटिका टी पेशींना दडपतात.

हे क्लीव्हलँडचं काम ज्यांच्या प्रयोगशाळेतलं, ते क्लिफर्ड हार्डिंग. होय, 1983 मध्ये लाल पेशीतून बाहेर पडणाऱ्या पिशव्या ज्यांना दिसल्या, तेच. दोन निष्कर्षांतला विरोध सोडवण्याचा रस्ताही त्यांच्याच गटाने दाखवला होता. ग्रासलेल्या मॅक्रोफेजमधून एक नाही, दोन प्रकारच्या पुटिका बाहेर पडतात: एक पेशीच्या स्वतःच्या, दुसऱ्या आत बसलेल्या जिवाणूने आपल्या आवरणापासून बनवलेल्या. जिवाणूची टी पेशींना गुंगवणारी मेदद्रव्यं दुसऱ्या प्रकारात सापडली. एकाच पेशीच्या दारातून घरमालकाचा आणि घुसखोराचा असे दोन निरोप एकाच वेळी निघत होते, आणि आपण त्यांना एकच समजून वाद घालत होतो. मला या संपूर्ण इतिहासातला हा सर्वांत सुंदर क्षण वाटतो. लाल पेशीच्या ‘कचऱ्या’ने सुरू झालेला माणूस पस्तीस वर्षांनी त्याच आकाराच्या पिशव्यांत क्षयरोगाची युक्ती वाचतो, यासाठी जी चिकाटी लागते ती निधीच्या तीन-तीन वर्षांच्या हिशोबात मावत नाही.

रोगाबद्दल इतकं बोललो की निरोगी शरीरात पुटिका काय करतात ते मागे पडतं, आणि तिथेच त्यांचं रोजचं काम आहे. आईच्या दुधात एक्सोसोम असतात. स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी 2007 मध्ये दाखवलं की प्रयोगशाळेत या एक्सोसोममुळे नियामक टी पेशी वाढतात, म्हणजे ज्या पेशी इतरांना आवरतात त्या. गरोदरपणात वारेतून आईच्या रक्तात जाणाऱ्या पुटिकाही तिच्या प्रतिकारशक्तीला, निम्मं परकं असलेलं बाळ आपलं समजून सांभाळायला मदत करतात. जगण्याच्या सुरुवातीलाच आपल्याला मिळणारा एक मोठा निरोप ‘आवर घाल’ असा असतो, ‘वाढव’ असा नव्हे.

या विषयातलं एक काम पुण्यातलं आहे आणि त्याबद्दल पुणेकरांनी जास्त जाणून घ्यायला हवं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस, आहे. तिथे वैजयंती काळे आणि ललिता लिमये यांनी रक्ताच्या मूलपेशींवर अनेक वर्षं काम केलं. अस्थिमज्जेतल्या या मूलपेशींपासूनच प्रतिकारशक्तीच्या सगळ्या पेशी तयार होतात. वय वाढलं की त्या म्हाताऱ्या होतात आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणात त्या नीट रुजत नाहीत. म्हणून दात्याचं वय हा डॉक्टरांपुढचा खरा प्रश्न असतो. काळे-लिमये यांच्या गटाने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात उंदरांच्या म्हाताऱ्या मूलपेशी तरुण शेजाऱ्यांजवळ थोडा वेळ ठेवल्या. हे शेजारी म्हणजे मज्जेतल्या आधारपेशी. मूलपेशी पुन्हा कामाला लागल्या. काम करत होत्या त्या शेजाऱ्यांच्या पुटिका, पेशीतली साफसफाई सुरू करणाऱ्या आरएनएने भरलेल्या.

त्याहून मोलाचा भाग पुढचा आहे. आधारपेशीही म्हाताऱ्या होतात. तेव्हा त्यांच्यात एकेटी नावाची एक यंत्रणा सतत चालू राहते, पुटिकांमधला तो उपयोगी आरएनए कमी होतो, आणि मूलपेशीतली साफसफाई थांबवणारे दोन सूक्ष्म आरएनए एक्सोसोममध्ये भरले जातात. थोडक्यात, म्हातारा शेजारी म्हातारपणाचाच निरोप पाठवतो. संशोधकांनी औषधाने ती एकेटी यंत्रणा रोखली, तर म्हाताऱ्या आधारपेशींच्या पुटिका बदलल्या आणि त्यांनी मूलपेशींना तरुण पेशींच्या पुटिकांपेक्षाही चांगलं सावरलं. प्रयोग उंदरांवरचा आहे, रुग्णांपर्यंत पोहोचायला त्याला मोठा पल्ला आहे. पण प्रतिकारशक्तीच्या वयाबद्दलची माझी समजूत या कामाने बदलली. मूलपेशी एकटी म्हातारी होत नाही. तिच्या आसपास जे बोललं जातं त्यानेही ती म्हातारी होते. वैजयंती काळे पुढे लवळे इथल्या सिम्बायोसिसच्या मूलपेशी संशोधन केंद्रात गेल्या आणि हे काम तिथेही चालू राहिलं.

आता कल्पना चौथ्या पायरीवर आली आहे, आणि ही पायरी मला चिंतेची वाटते: बाजार. शहरांमध्ये केसांसाठी, त्वचेसाठी, गुडघ्यांसाठी एक्सोसोमच्या जाहिराती दिसू लागल्या आहेत. शब्द नवा आहे, महाग आहे आणि प्रयोगशाळेतून आल्यासारखा वाटतो. वस्तुस्थिती अशी की जगभरचे संशोधक आजही शुद्ध पुटिका वेगळ्या कशा काढायच्या यावर झगडत आहेत. रक्तातली काही मेदप्रथिनं त्याच आकाराची असतात आणि सोबत येतात. म्हणून या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2014, 2018 आणि 2023 मध्ये आपले नियम पुन्हा पुन्हा लिहिले. डिसेंबर 2019 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने जाहीर इशारा दिला होता: मान्यता नसलेल्या एक्सोसोम उत्पादनांमुळे नेब्रास्कात रुग्णांना गंभीर त्रास झाला होता, आणि एकाही एक्सोसोम उत्पादनाला त्यांची मान्यता नव्हती.

हाच पदार्थ कुठल्या पेशीपासून काढला यावर तो टी पेशी जागी करतो की झोपवतो हे ठरतं, हे आपण वर पाहिलं. गाठीच्या पुटिका आणि दुधातल्या पुटिका दोन्ही ‘एक्सोसोम’च. कर्करोग असलेल्या, क्षय दबलेल्या किंवा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने पोळलेल्या माणसाच्या शरीरात असा निनावी निरोप सोडणं हा उपचार नव्हे. तेव्हा कुणी डॉक्टर एक्सोसोमचं इंजेक्शन सुचवू लागले, तर ते कोणत्या पेशींपासून काढलं आहे, कुणी तपासलं आहे आणि या आजारासाठी त्याला भारतात कोणी परवानगी दिली आहे, हे लेखी मागा. लेखी मिळालं नाही तर घेऊ नका. आणि एखाद्या विद्यार्थ्याला पुटिकांवर संशोधन करायचं असेल, तर त्याला घरातून अडवू नका. या कामाला पुण्यातच जागा आहे, आणि करण्यासारखं अजून पुष्कळ आहे.